पुस्तकांचे कपाट रिकामे करू नये : सातारा-सांगलीकडील मंडळ्यांच्या पाळकांना व पंचांना खुले पत्र

प्रति,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, पंच कमिट्यांचे सभासद आणि शब्बाथ शाळांचे शिक्षक यांस,

सप्रेम सलाम.

आपल्या भागातील एका मंडळीत पंच कमिटीपुढे सध्या असा विषय आहे की, चर्चच्या मागच्या खोलीतील पुस्तकांचे कपाट रिकामे करावे, आतील जुनी पुस्तके रद्दीत द्यावीत आणि त्या जागी ध्वनिक्षेपकाचे साहित्य ठेवावे. त्याच कपाटाच्या आधाराने छोटे वाचनालय सुरू करण्याची परवानगी तरुण संघाने मागितली होती. तिच्यावर बोलणे चालू असताना एका जबाबदार सभासदाने असे मत मांडले की, पवित्र शास्त्र हाती असताना इतर पुस्तकांची गरज काय, आणि नाना तऱ्हेची पुस्तके वाचून मुलांचा विश्वास डळमळला तर त्याला जबाबदार कोण. बैठकीत बहुतेकांनी माना डोलावल्या. त्या मंडळीचे नाव मी लिहीत नाही, कारण हा विचार तिचा एकटीचा नाही. साताऱ्यापासून मिरजेपर्यंत तो मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, आणि म्हणूनच हे पत्र एका कमिटीला न लिहिता आपणां सर्वांना उघडपणे लिहीत आहे.

माझा परिचय एवढाच की, मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि शब्बाथ शाळेचे वर्ग अजून घेते. माझे म्हणणे असे आहे की, चौफेर वाचन आणि ख्रिस्तावरचा विश्वास या दोन्हींनी मिळून माणसाला जगाकडे पाहण्याची जी दृष्टी येते, ती दोहोंपैकी एकट्याने येत नाही. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजापाशी ही दृष्टी होती, आणि तिचा पुरावा आपण रद्दीत घालू पाहत असलेल्या त्या कपाटातच आहे.

ते कपाट मी उघडून पाहिले आहे. वरच्या फळीवर ‘उपासना संगीता’च्या पाठ निघालेल्या प्रती आहेत आणि त्यांच्या शेजारी जाड दोऱ्याने शिवलेले ‘ज्ञानोदया’चे जुने अंक. १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेले हे नियतकालिक मराठीतील सर्वांत जुन्या नियतकालिकांपैकी एक आहे, हे आपल्या तरुणांपैकी किती जणांना ठाऊक असेल? मधल्या फळीवर प्रवचनांचे संग्रह, तुकारामांची गाथा, महात्मा फुल्यांचे वाङ्मय, वनस्पतिशास्त्राचे एक शालेय पुस्तक आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. पुष्कळ पानांना कसर लागली आहे, पण प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावरचा मंडळीचा जांभळा शिक्का अजून वाचता येतो. सर्वांत खाली देवघेवीची वही आहे. तिच्यात नावे आहेत ती शाळामास्तरांची, मिशन दवाखान्यातल्या परिचारिकांची, एका कंपाउंडरची. एका परिचारिकेने एका आठवड्यात गाथा नेली, ती परत करून प्रवचनांचा संग्रह नेला आणि त्यानंतर वनस्पतिशास्त्राचे पुस्तक. रात्रपाळी करून वाचणाऱ्या या बाईला गाथेची भीती वाटली नाही, आणि ज्या पंचांनी गाथा विकत घेऊन त्या फळीवर ठेवली त्यांनाही ती वाटली नव्हती.

ती मंडळी आपल्यापेक्षा कमी श्रद्धावान होती असे कोणी म्हणणार नाही. मग ती निर्भय का होती आणि आपण धास्तावलेले का आहोत, हा प्रश्न मला गंभीर वाटतो.

मराठी ख्रिस्ती परंपरेचा उगमच व्यापक वाचनात आहे. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्याला आले, त्यांनी इथल्या लोकांची पुराणे आणि त्यांचा ओवीछंद आत्मसात केला आणि १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापून घेतले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ परकीय माणसाने लिहिलेला वाटत नाही, याचे कारण त्यांनी आधी इथले वाचले, ऐकले, घोकले आणि मग लेखणी उचलली. एकोणिसाव्या शतकात बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिली, तेव्हा विधवांच्या दुःखाकडे पाहायला त्यांना त्यांच्या विश्वासाने जसे शिकवले तसेच त्या काळातल्या वादविवादांच्या वाचनानेही शिकवले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयी मात्र थोडे थांबून लिहायला हवे, कारण ते आपल्या गावचे आहेत. जन्माने नव्हेत, जन्म कोकणातल्या करजगावचा. पण १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडल्यावर त्यांनी आयुष्याची अखेरची उमेद साताऱ्यात ओतली. टिळक ख्रिस्ताकडे आले ते कोणा प्रचारकाच्या भाषणाने नव्हे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला आणि तो वाचावा अशी विनंती केली. टिळक तेव्हा संस्कृत ग्रंथांत बुडालेले होते, कविता लिहीत होते, धर्मविषयक शंका त्यांना स्वस्थ बसू देत नव्हत्या. त्यांनी ते पुस्तक वाचायला घेतले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एखाद्या सनातनी हितचिंतकाने त्यांना त्या वेळी सांगितले असते की, आपले ग्रंथ हाती असताना परक्यांचे पुस्तक कशाला वाचता, तर ते सांगणे आपल्या त्या सभासदाच्या बोलण्याशी शब्दशः जुळले असते. आपण ज्या दाराने आत आलो तेच दार मुलांच्या तोंडावर बंद करणे न्यायाचे आहे का?

पुढे टिळकांनी जुने वाचन टाकून दिले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तचरणांपाशी आलो असे ते म्हणत, आणि त्यांचे अभंग आजही आपण उपासनेत उभे राहून गातो. गाथा वाचल्यावाचून ते अभंग सुचणे शक्य नव्हते. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांसाठी. इतके मोकळे मन ठेवूनही त्यांचा विश्वास पातळ झाला नाही; ‘ख्रिस्तायन’ लिहिता लिहिता १९१९ मध्ये ते गेले. ते काव्य पुढे नेले लक्ष्मीबाईंनी, ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते आणि ज्या पतीच्या हाताखाली अक्षरे गिरवून वाचायला शिकल्या होत्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’त सोवळेओवळे, प्लेग, गरिबी, धर्मांतराने झालेली ताटातूट हे सारे येते, पण कुठे कडवटपणा नाही आणि सोडून आलेल्या माणसांविषयी तुच्छतेचा एक शब्द नाही. ख्रिस्ती दृष्टी म्हणजे काय हे मला कोणी विचारले तर मी त्या पुस्तकाकडे बोट दाखवते. तेच पुस्तक आपल्या कपाटात आहे आणि कपाट रद्दीवाल्याची वाट पाहत आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून कठीण आहे आणि म्हणून जास्त मोलाचे आहे. लहानपणी आईकडून त्यांनी संस्कृत ग्रंथ मुखोद्गत केले, कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले, आणि सिल्चरला संसार करीत असताना घरातल्या पुस्तकांमध्ये त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांची वाचक बुद्धी झोपी गेली नाही. तेथील धर्मभगिनींनी चर्चच्या शिकवणीला निमूट मान तुकवावी असे सुचवले, तेव्हा रमाबाईंनी त्यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून एकेका मुद्द्याचा शास्त्रातून आधार मागितला. अमेरिका पाहून आल्यावर १८८९ साली त्यांनी तिथल्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला आणि त्या देशाची मनापासून स्तुती करतानाच काळ्या माणसांवर झालेला अन्यायही लपवला नाही. शेवटी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल त्यांनी मराठीत आणले. केडगावच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवले ते त्यांनीच उभारलेल्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी. विश्वास आणि बुद्धी यांचे वैर आहे असे ज्यांना वाटते त्यांनी १९२२ साली निधन पावलेल्या या बाईचे चरित्र एकदा नीट वाचावे.

आता शास्त्राकडे येते, कारण आपल्या सभासदाचा आधार शास्त्राचाच होता. शास्त्रात वाचणारी माणसे किती आहेत हे आपण मोजत नाही. नासरेथच्या सभास्थानात प्रभू उभा राहतो तो यशयाचा ग्रंथपट उघडून वाचण्यासाठी. हबशी देशाच्या राणीचा खजिनदार रथात बसून मोठ्याने वाचत चालला आहे आणि वाचलेले समजत नाही हे सांगायला त्याला संकोच वाटत नाही; शुभवर्तमान सांगणारा फिलिप्प त्याच्या हातातला ग्रंथ काढून घेत नाही, रथात शेजारी बसून अर्थ सांगतो. बिरुयातल्या लोकांना थोर मनाचे म्हटले आहे ते त्यांनी प्रेषित पौलाचे म्हणणेसुद्धा रोज शास्त्र उघडून पडताळून पाहिले म्हणून. अथेनैमध्ये अरीयपगासमोर, म्हणजे तिथल्या सभेपुढे, पौल बोलतो तेव्हा ग्रीक कवीची ओळ त्याच्या जिभेवर असते. विधर्मी कवीची कविता त्याने कधीतरी, कुठेतरी वाचून लक्षात ठेवली होती, एरवी ती त्या क्षणी सुचली नसती. दानीएल आणि त्याचे सोबती खास्द्यांची, म्हणजे बाबेलकरांची, विद्या आणि भाषा शिकले आणि तरी मूर्तीपुढे वाकले नाहीत. आणि तुरुंगात मरणाची वाट पाहणारा पौल आपला शिष्य तीमथ्य याला लिहितो, येताना माझा झगा आण, पुस्तके आण, विशेषतः चर्मपत्रे आण. ज्याने तिसऱ्या स्वर्गाचे दर्शन घेतले त्यालाही हिवाळ्याच्या तोंडावर पुस्तके हवी होती.

इफिसकरांनी ग्रंथ जाळले, ते काय, असे मला विचारले गेले आहे. ज्यांनी जाळले ते जादूटोण्याचा धंदा करणारे होते, आणि त्यांनी आपलेच ग्रंथ आपल्या मनाने जाळले. शेजाऱ्याचे किंवा मुलांचे पुस्तक काढून घ्या असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातल्या त्या अध्यायात कुठेही नाही. पुस्तके करण्यास अंत नाही आणि बहुत अभ्यास देहाला शिणवतो, हे बायबलमधल्या ‘उपदेशक’ या पुस्तकातले वचनही पुढे केले जाते. ते वचन खरे आहे. पण ते ज्याने लिहिले तो स्वतः ग्रंथच लिहीत होता आणि तो शिणला होता तो भरपूर अभ्यास केल्यावर. आपल्या मुलांवर अजून ती वेळ आलेली नाही.

एक आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. ज्ञान फुगवते, पण प्रीती उन्नती करते, असे पौलाने करिंथकरांना लिहिले आहे. खूप वाचलेली आणि माणसाला माणूस न मानणारी माणसे मी शिक्षणक्षेत्रात पाहिली आहेत. वाचनाने माहिती येते, तर्क येतो, दुसऱ्याला निरुत्तर करण्याची हातोटी येते. दुसऱ्यापुढे नम्र होण्याची ताकद आपोआप येत नाही. इथे विश्वासाचे काम सुरू होते. लूकच्या दहाव्या अध्यायात एक शास्त्री प्रभूची परीक्षा पाहायला उठतो आणि प्रभू त्याला विचारतो, “नियमशास्त्रात काय लिहिले आहे? तुझ्या वाचनात काय आले आहे?” शास्त्र्याचे वाचन पक्के आहे, देवावर प्रीती कर, शेजाऱ्यावर प्रीती कर, हे उत्तर तो अचूक देतो. पण लगेच त्याला ‘शेजारी’ या शब्दाची हद्द आखून हवी असते. तेव्हा प्रभू त्याला यरीहोच्या वाटेवर नेतो, लुटलेला माणूस दाखवतो, बाजूने निघून जाणारे दोन धर्मपुरुष दाखवतो आणि मदत करणारा म्हणून शास्त्री ज्याचा विटाळ मानेल असा शोमरोनी पुढे करतो. प्रभूने त्याला वाचन सोड असे सांगितले नाही. वाचलेले त्या वाटेवर घेऊन जा, असे सांगितले.

हे दोन्ही बाजूंनी कसे घडते ते मी आपल्या मातीतल्या एका उदाहरणाने सांगते. रूथची गोष्ट आपण शब्बाथ शाळेत शिकवतो ती साधारणपणे सासूसुनेच्या प्रेमाची गोष्ट म्हणून. दिवाळीच्या सुमारास आपल्या दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखान्यांचे हंगाम सुरू होतात आणि बीडकडून, मराठवाड्याच्या इतर भागांतून, आपल्याच जतसारख्या कोरड्या तालुक्यांतून ऊसतोड कामगार येतात. चर्चला जायच्या वाटेवर त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, दिसतात. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून आधी घेतलेली उचल फेडण्यासाठी पहाटेच्या अंधारात दोघे फडात उतरतात. बाई मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. मूल फडाच्या कडेला पाचटावर झोपवलेले असते. उसाचे वाढे तेवढे त्यांच्या हक्काचे, ते बैलांना घालायचे किंवा गावात विकून चार पैसे करायचे.

ज्याने या माणसांविषयी काही वाचले आहे, दुष्काळ आणि स्थलांतर यांवरचे लेख, कामगारांच्या बायकांच्या मुलाखती, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले तेव्हाचे वृत्तान्त, त्याला रूथचे पुस्तक निराळे दिसू लागते. बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून अलीमलेखचे घर मवाबात गेले, तेथे कर्ते पुरुष मेले, आणि नामी एका परदेशी सुनेला घेऊन रिकाम्या हाती परत आली. सुगीच्या दिवसांत ती सून परक्याच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागून कणसे वेचते. तिला ते वेचता आले, कारण शेताच्या कडेचे पीक आणि पडलेली कणसे गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडावीत अशी आज्ञा बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. आणि बवाज आपल्या गड्यांना ताकीद देतो की, तिला कोणी हात लावायचा नाही. शेतात एकट्या राबणाऱ्या परक्या बाईला कोणते भय असते हे त्या ताकिदीत स्पष्ट आहे, पण फडातल्या बायकांविषयी वाचीपर्यंत ते वाक्य माझ्या डोळ्यांखालून अनेकदा नुसते निघून गेले होते.

आता दुसरी बाजू. ज्याने फक्त अहवाल वाचले आहेत तो स्थलांतराची कारणे नीट सांगेल आणि आपल्या कामाला लागेल. ज्याच्या मनात रूथ आहे त्याला त्या कोप्यांवरून तसेच पुढे जाता येत नाही, कारण त्याच परदेशी वेचणारीच्या वंशात दावीद जन्मला आणि मत्तयाने ख्रिस्ताच्या वंशावळीत तिचे नाव मुद्दाम घातले हे त्याला माहीत आहे. आमच्या वर्गातल्या मुलांनी हा पाठ झाल्यावर विचारले की, कोप्यांमधल्या मुलांची शाळा कुठे असते. तो प्रश्न एकट्या बायबलमधून आला नव्हता आणि एकट्या वर्तमानपत्रातूनही आला नव्हता.

पावसाची गोष्टही अशीच आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्याला पाचशेच्या आसपास पावसावर वर्ष काढावे लागते. सह्याद्रीने ढग अडवल्यामुळे हे घडते असे भूगोल सांगतो. माणदेशातल्या मंडळ्या पावसासाठी प्रार्थना करतात आणि ती करावीच. पण ज्याने पर्जन्यछायेचा धडा नीट वाचला आहे तो दुष्काळाला देवाचा कोप म्हणणार नाही, आणि प्रार्थना संपल्यावर बांधबंदिस्तीच्या श्रमदानाला जाईल. सृष्टीचे नियम देवाचेच आहेत असे आपण मानतो, तर ते समजून घेण्याची धास्ती आपल्याला का वाटावी?

महात्मा फुल्यांविषयी एका पाळकसाहेबांनी मला विचारले की, ख्रिस्ती मुलांनी त्यांचे काय वाचायचे. फुल्यांचे मूळ घराणे आपल्या खटाव तालुक्यातल्या कटगुणचे आणि सावित्रीबाईंचे माहेर खंडाळा तालुक्यातले नायगाव, एवढ्यासाठी जरी नाही तरी, जोतीरावांचे शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले एवढ्यासाठी तरी वाचावे. त्यांनी बायबल वाचले आणि माणसाच्या हक्कांवर लिहिणारा थॉमस पेनही वाचला. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि तरीही १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी येशूला बळीराजाच्या मालिकेत बसवले. बाहेरच्या माणसाने आपल्या प्रभूकडे इतक्या प्रेमाने पाहिले आणि तरी तो आत का आला नाही, हा विचार आपल्या मुलांच्या मनात यायला हवा. तो आला तर ती आपल्या समाजातल्या जातिभेदाकडेही पाहतील. मंडळीत लग्ने जुळवताना आपण अजूनही काय विचारतो ते आपणां सर्वांना माहीत आहे. त्यावर प्रवचन होत नाही, पण फुले वाचलेला मुलगा त्यावर बोलतो. अनेकदा अशा मुलाचा विश्वास डळमळला असे आपण म्हणतो. माझ्या मते त्याचा विश्वास जागा झालेला असतो.

काही मुलांचा विश्वास वाचनाने खरोखरच हलतो, हे मी नाकारणार नाही. अशा मुलाला शंका येते तेव्हा त्याला दोन गोष्टी हव्या असतात : आणखी चांगली पुस्तके, आणि रथात शेजारी बसणारा फिलिप्प. कपाट रिकामे केल्याने शंका थांबत नाही. ती मोबाइलवर जाते, तिथे तिला तारीख नसलेले, लेखक नसलेले, अर्धवट तोडलेले मजकूर भेटतात, आणि आपल्या मंडळ्यांच्या गटांतसुद्धा असे मजकूर शास्त्रवचनाच्या चित्राखाली पुढे पाठवले जातात. हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कशाच्या आधारावर लिहिले, हे विचारण्याची सवय केवळ पुस्तके वाचून लागते. सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा, ही आज्ञा पाळायची तर आधी सर्व गोष्टी समोर आल्या पाहिजेत.

आपले दोन्ही जिल्हे याबाबतीत भाग्यवान आहेत. मराठी विश्वकोशाचे काम वाईत बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी उभे केले, आणि त्या वेदशास्त्रसंपन्न पंडिताच्या देखरेखीखाली ख्रिस्ती धर्म आणि बायबल यांवरच्या नोंदी अभ्यासाने, आदराने लिहिल्या गेल्या. महाबळेश्वरच्या वाटेवर भिलारला २०१७ पासून घराघरांत पुस्तके मांडून ठेवली आहेत. सांगलीत २०१९ च्या महापुरात जिल्हा नगर वाचनालयात कृष्णेचे पाणी शिरले आणि हजारो ग्रंथ भिजले, तेव्हा लोक घरातले माणूस गेल्यासारखे हळहळले. त्या शहरात नदीने नेले त्याचे दुःख झाले. आपण आपल्या हाताने देऊन टाकणार आहोत त्याचे कोणाला काही वाटू नये?

फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आपल्या अनेक मंडळ्यांनी अभिमानाने टाळ्या वाजवल्या. हा धर्मगुरू त्या खुर्चीपर्यंत पोहोचला तो मराठी साहित्य अथांग वाचून आणि आपली श्रद्धा मराठीत मांडून. आपल्या पुढच्या पिढीतून असा कोणी निघावा अशी इच्छा असेल तर त्याला वयाच्या बाराव्या वर्षी कपाटाची किल्ली मिळाली पाहिजे.

माझी विनंती साधी आहे. ज्या कमिटीपुढे हा विषय आहे तिने तो पुढच्या बैठकीत मागे घ्यावा आणि तरुण संघाला परवानगी द्यावी. कसर लागलेली पुस्तके उन्हात घालून, झटकून, कडुनिंबाचा पाला ठेवून परत लावता येतील. त्याचे काम करायला मी आणि शब्बाथ शाळेची मोठी मुले तयार आहोत. ‘ज्ञानोदया’चे जुने अंक मात्र जाणकाराच्या हाती देऊन त्यांची डिजिटल प्रत करून घ्यावी, कारण ते अंक आपल्या मंडळीपुरते नाहीत, मराठी भाषेचे आहेत. रविवारची उपासना संपल्यावर कपाट तासभर उघडे असावे आणि देवघेवीची वही पुन्हा सुरू व्हावी. कापणीच्या सणाच्या लिलावातून जमणाऱ्या रकमेतला थोडा वाटा दरवर्षी नव्या पुस्तकांसाठी ठेवावा, आणि ती निवडताना अर्धी निवड तरुणांवर सोपवावी. जिथे जागा नाही अशा लहान मंडळ्यांनी निदान आपल्या गावच्या नगर वाचनालयाची वर्गणी गरजू मुलांसाठी भरावी. पाळकसाहेबांनी महिन्यातून एकदा तरी प्रवचनात सांगावे की, या महिन्यात आपण स्वतः काय वाचले. मुलांच्या शंकांसाठी एक संध्याकाळ ठेवावी आणि त्या संध्याकाळी कोणत्याही प्रश्नाला ‘असे विचारू नये’ हे उत्तर देऊ नये.

या पत्राचे उत्तर आपण लेखी द्यावे, आणि ते तरुण संघाच्या सभेत वाचून दाखवण्याची मुभा मला असावी. माझे म्हणणे शास्त्राला धरून नाही असे कोणाला वाटत असेल तर त्यांनी त्या सभेला यावे, आपले बायबल घेऊन यावे. त्या कपाटातली पुस्तके मी घेऊन येईन.

प्रभूमध्ये आपली नम्र,
मंडळीची एक सभासद व शब्बाथ शाळेची शिक्षिका,
सातारा